परत आलेल्या मुलाला वर्गात घ्यायचं कसं?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी बीड जिल्ह्यात गटसाधन केंद्रात साधनव्यक्ती (तालुक्यातल्या शिक्षकांना मार्गदर्शन करणारी) आहे. शाळा सुटण्याच्या धोक्यात असलेल्या मुलांना आधार कसा द्यायचा, यावर दसऱ्याआधी तालुक्यातल्या शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं ठरलं आहे. वरून पीपीटी आली आहे. त्यात गळतीची कारणं, शिक्षण हक्क कायद्याची कलमं आणि बालरक्षकाची (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणणाऱ्या शिक्षकाची) कर्तव्यं आहेत. मागच्या वर्षीही हेच होतं. शिक्षक आले, सह्या केल्या, जेवले, गेले. या वेळी काही उपयोगाचं करायची इच्छा आहे. दोन दिवसांत काय घेऊ? – एक साधनव्यक्ती, बीड जिल्हा

उत्तर : तुमच्या शिक्षकांना गळतीची कारणं सांगायला जाऊ नका. गावातल्या कुठल्या घरानं ऊसतोडीसाठी कुठल्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली, टोळी कोणत्या कारखान्याला जाणार, ट्रक कधी लागणार, हे त्यांना तुमच्या-माझ्या आधी कळतं. गरिबी, स्थलांतर, पालकांची उदासीनता हे शब्द पडद्यावर दिसले की त्यांचं लक्ष उडतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. शिवाय त्या यादीतलं एकही कारण शिक्षकाच्या हातातलं नाही. ज्याच्यापुढे तो काहीच करू शकत नाही ते दोन दिवस ऐकवलं, तर तो हताश होऊनच परत जाईल.

मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची प्रमुख, म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर प्रशिक्षणांना बसले, पुष्कळ घेतलीही. त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे, ती आधी सांगते. मूल शाळा सोडून जातं त्या दिवसाबद्दल आपण फार बोलतो. ते परत येतं त्या दिवसाबद्दल कुणी बोलत नाही. ऊसतोडीच्या गावात मूल दिवाळीच्या सुमाराला आईबापाबरोबर जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये परततं. जाताना त्याची शाळा तुटलेली नसते. ती तुटते परतल्यावर, पहिल्या पंधरवड्यात. वर्ग पुढे गेलेला असतो, संकलित मूल्यमापनाची गडबड असते, त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं असतं. आपल्याला यातलं काही येत नाही हे त्याला सगळ्यांच्या देखत कळतं. असं दोन-तीन वर्षं झालं की सहावी-सातवीतलं पोर स्वतःच म्हणतं, मी कोयता घेतो. तेव्हा आपण लिहितो, 'पालक उदासीन'.

म्हणून दोन दिवसांतला एक अख्खा दिवस परतीच्या दिवसासाठी ठेवा. त्याचं सविस्तर पुढे सांगते.

पहिल्या दिवशी प्रत्येक शिक्षकाला मागच्या वर्षीची हजेरी घेऊन यायला सांगा. सरल या शासनाच्या ऑनलाइन नोंदीतली बेरीज नको, खरा हजेरीपट हवा. चार-चार जणांचे गट करा आणि तो वाचायला लावा. कोणतं मूल आठवडी बाजाराच्या दिवशी हमखास गैरहजर? धाकटं भावंड झाल्यापासून कुणाची हजेरी उतरली? दिवाळीनंतर कुणाच्या ओळीत नुसते शून्य आहेत? परतल्यावर कोण चार दिवस आलं आणि पुन्हा गेलं? सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल आपण शाळाबाह्य धरतो. पण आठवड्यातून दोन दिवस बुडवणारं मूल कधीच सलग महिना गैरहजर नसतं, म्हणून ते कुणाच्याच यादीत येत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सरकारी शाळांमधल्या सहावीच्या मुलांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवणारा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी पुढे शाळा पूर्ण केली नाही, त्यांतली निम्म्याहून अधिक मुलं सहावीतच ओळखता येण्यासारखी होती. खुणा अगदी साध्या होत्या : हजेरी ८० टक्क्यांखाली, गणितात किंवा भाषेत नापास, वर्गातल्या वागण्याबद्दल वाईट शेरा. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी प्रत्येक वर्गशिक्षकाच्या टेबलावर असतात. त्या एकत्र वाचायची सवय मात्र कुणी लावत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून दाखवा. राज्यातलं शाळाबाह्य मुलांचं मोठं एकदिवसीय सर्वेक्षण ४ जुलै २०१५ ला झालं. शाळाबाह्य मुलं शोधण्याचं 'मिशन झिरो ड्रॉपआउट' झालं ते २०२२ च्या जुलैत, ५ ते २० तारखेला. जुलैत बीड जिल्ह्यातली ऊसतोडीची मुलं कुठे असतात? गावात, शाळेत, पहिल्या बाकावर. जी मुलं डिसेंबरात फडावर असतात त्यांना जुलैत मोजायला गेलं तर ती शाळाबाह्य म्हणून सापडणारच नाहीत. तुमच्या शिक्षकांना ही मोजणी स्वतःची स्वतः, डिसेंबरात करायला शिकवा. वरून आदेश येण्याची वाट पाहू नका.

आता अवघड विषय. हजेरीपट उघडला की कुणीतरी हळूच म्हणेल, 'सर, खरं लिहिलं तर पट कमी होईल.' संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार, हे पटावर ठरतं. मुलं कमी दिसली की शिक्षकाचं पद जातं आणि समायोजनात तो तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. ही भीती खरी आहे. तिच्यावर पांघरूण घालून प्रशिक्षण घेतलंत तर दोन्ही दिवस सगळेजण खोट्या आकड्यांवर चर्चा करतील. गटशिक्षणाधिकाऱ्यांना पहिल्या तासाला बोलवा. इथे उघडलेला हजेरीपट कारवाईसाठी वापरला जाणार नाही, हे त्यांच्या तोंडून सगळ्यांसमोर येऊ द्या. ते नाही म्हणाले, तर निदान हजेरीपट गटाबाहेर जाणार नाही असं तुम्ही स्वतः ठरवा आणि पाळा. याशिवाय पुढचं काहीही होणार नाही.

पहिल्या दिवशी दुपारी गृहभेटीचा सराव घ्या. 'गृहभेट द्या' हे वाक्य प्रत्येक परिपत्रकात असतं. गृहभेटीत बोलायचं काय, हे कुठेच नसतं. यासाठी तज्ज्ञ मार्गदर्शक शोधू नका. एखाद्या शाळा व्यवस्थापन समितीतल्या, स्वतः ऊसतोडीला जाणाऱ्या आईला बोलवा. तज्ज्ञाला जे मानधन द्याल तेच तिलाही द्या आणि खुर्ची पुढेच मांडा. शिक्षकांनी एकेक करून तिच्यासमोर बसायचं आणि मुलाला गावात ठेवण्याबद्दल बोलायचं. ती तुमच्या शिक्षकांना जे सांगेल ते मी ऐकलेलं आहे : 'मॅडम, म्हातारीला दिसत न्हाई. पोरगी वयात आलीय. कुणाच्या भरवशावर ठिवू, सांगा.' या प्रश्नाला शिक्षणाचं महत्त्व हे उत्तर नाही. उत्तर नेमकं असलं पाहिजे. गावात हंगामी वसतिगृह (ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या मुलांसाठीचं) सुरू होणार का, कोणत्या तारखेला? मुलगी रात्री कुठे झोपणार? बऱ्याच गावांत वसतिगृह म्हणजे सकाळ-संध्याकाळचं जेवण आणि झोपायला आजीचं किंवा चुलत्याचं घर, असंच चालतं. मग आजी आजारी पडली तर काय? मुलीची जबाबदारी गावातली कोणती बाई घेणार? फोन कुणाच्या मोबाइलवर लावायचा? हे ठरवून गेलेल्या शिक्षकाचं आईबाप ऐकतात. वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीनंतर मंजूर होऊन काही उपयोग नाही. तोवर ट्रक गेलेला असतो. म्हणून प्रशिक्षण दसऱ्याआधी घेताय ते योग्यच आहे. फक्त समितीचा ठराव आणि मुलांची यादी प्रशिक्षणातच तयार करून घ्या. थोडं मोठं मूल असेल तर संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेची माहितीही तिथेच द्या, अर्ज हातात द्या. ही योजना २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीच सुरू झाली आहे.

आणि एक. भेटीला गेल्यावर पहिलं वाक्य मुलाच्या गैरहजेरीबद्दल नको. त्या मुलाला काय चांगलं येतं ते आधी सांगा. ज्या घरात शाळेतून फक्त तक्रार येते, तिथे गुरुजी दारात दिसले की मूल मागच्या दारानं पळतं.

दुसरा दिवस परतीचा. शिक्षकांना तीन खरे प्रसंग द्या आणि करून दाखवायला लावा, बसून चर्चा नको. एप्रिलचा पहिला आठवडा आहे, तिसरीतली मुलगी पाच महिन्यांनी दारात उभी आहे. बाई काय म्हणतात? बहुतेकांच्या तोंडून आपोआप येतं, 'आली का महाराणी? कुठं होतीस इतके दिवस?' प्रेमानं म्हणतात, मला माहीत आहे. तरी सगळा वर्ग हसतो, आणि त्या हसण्यातून ती मुलगी पुन्हा बाहेर पडते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे. अपमान हाही छळच, हे या प्रसंगावरून सांगितलंत तर ते कलम लक्षात राहील.

मग काय करायचं? तिची जागा राखलेली असू द्या. हजेरीत तिचं नाव रोज पुकारलेलं असू द्या, म्हणजे वर्गाला ती आपलीच वाटते. वही-पेन्सिल शाळेनं आधीच काढून ठेवलेली असावी. बसायला अशी जोडीदारीण द्या जी समजावून सांगते आणि चिडवत नाही. पहिल्या दिवशी पेपर नको. दोन-तीन दिवसांनी, व्हरांड्यात एकटीला बसवून, एक उतारा वाचून घ्या आणि चार गणितं घाला. कोणत्या पायरीवर ती थांबली आहे ते पाहा. पाचवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नसेल तर अपूर्णांक शिकवून काय होणार? तिथूनच सुरू करा. रोजची तीस-चाळीस मिनिटं ठरवा आणि मेच्या सुट्टीतही गावातलं कुणी शिकलेलं पोर जोडून द्या. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात घेतलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि चौदा वर्षं पूर्ण झाली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होईस्तोवर तो टिकतो. आता पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा, पुनर्परीक्षा आणि गरज पडल्यास त्याच वर्गात ठेवणं आलं आहे. त्यामुळे एप्रिलमध्ये परतणाऱ्या मुलासाठी हे काम पूर्वीपेक्षा जास्त निकडीचं झालं आहे. त्याच वर्गात राहिलेलं तेरा वर्षांचं पोर पुढच्या दसऱ्याला कोयत्याबरोबर जाईल आणि परत येणार नाही, ही माझी खरी काळजी आहे.

फडावर मुलं काही शिकून येतात, तेही शिक्षकाला पाहायला शिकवा. मोळ्या किती झाल्या, गाडी किती टनांची भरली, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या विकून किती आले, हे दहा वर्षांचं मूल तोंडानं सांगतं. तेच मूल फळ्यावरच्या गुणाकारापुढे गप्प होतं. शिक्षकानं वर्गाला पहिलं उदाहरण मोळ्यांचं घातलं, तर त्या दिवशी उत्तर देणारं पहिलं मूल तेच असेल. मी हे वर्गात बसून पाहिलेलं आहे.

दोन दिवस संपले की प्रशिक्षण संपलं असं समजू नका. वरून खाली उतरत येणारी प्रशिक्षणं आपण पाहिली, 'निष्ठा' या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे ऑनलाइन कोर्सही केले, प्रमाणपत्रं डाउनलोड केली. शिक्षकाची सवय बदलते ती दर महिन्याला त्याला कुणी विचारलं तर. केंद्राच्या शिक्षण परिषदेत पहिला अर्धा तास यासाठी मागून घ्या. प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गातल्या दोनच मुलांबद्दल बोलायचं : महिन्यात काय झालं, मी काय केलं, कुठे अडलं. बाकीच्यांनी मदत सुचवायची. अहवाल नको, फोटो नकोत. बालरक्षक म्हणून २०१७ पासून काम करणारे चांगले शिक्षक तुमच्या तालुक्यातही असतील, त्यांच्याकडे ही अर्ध्या तासाची सूत्रं द्या.

प्रश्न : आमची शाळा कोल्हापूर जिल्ह्यात कारखान्याच्या रस्त्याला आहे. डिसेंबरात ऊसतोड मजुरांच्या तळावरची सात-आठ मुलं वर्गात येतात, फेब्रुवारी-मार्चला जातात. टीसी नसते, आधार नसतं. नाव घ्यायचं की नुसतं बसवायचं? आणि इतक्या थोड्या दिवसांत शिकवायचं तरी काय? आम्हाला याचं प्रशिक्षण कुणी दिलेलं नाही. – एक उपशिक्षक

उत्तर : नाव घ्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ स्पष्ट आहे, टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुलाकडे गावाकडच्या शाळेचं शिक्षण हमी पत्रक असेल तर त्यावर इयत्ता आणि काय येतं ते लिहिलेलं असतं. नसेल तर मुलाला गावाचं नाव विचारा आणि त्या शाळेला फोन करा. तो एक फोन केला तर दोन शाळांमध्ये ते मूल हरवत नाही. आहार पहिल्या दिवसापासून द्या. त्यासाठी कुठल्याही कागदाची वाट पाहू नका.

तळावरची मुलं पहाटे आईबापाबरोबर उठलेली असतात. अकराला त्यांना पेंग येते, त्याला आळस समजू नका. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असेल तर तिला परत पाठवू नका. अंगणवाडीताईंशी बोला, नाहीतर दोघंही उद्यापासून यायची बंद होतील.

सगळ्यात आधी करायचं काम भाषेचं आहे. बीडकडचं मूल 'करायलो', 'जायलो' म्हणालं की तुमचा वर्ग हसतो. ते पहिल्याच दिवशी थांबवा. कसं, तर त्यांचे शब्द फळ्यावर लिहा, तुमच्याकडचे शब्द शेजारी लिहा आणि दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. आपल्या गावात ही मुलं पाहुणी आलेली आहेत आणि त्यांच्या आईबापानं तोडलेल्या उसावर आपला कारखाना चालतो, हे मुलांना सरळ सांगा. लहान मुलांना ते कळतं.

शिकवायचं काय? वाचन आणि चार क्रिया. अडीच महिन्यांत अभ्यासक्रम होणार नाही, पण अडखळत वाचणारं मूल सरळ वाचू लागेल, एवढा वेळ नक्की आहे. जाताना हमी पत्रकावर 'उपस्थित होता' एवढंच लिहू नका. कुठला धडा वाचतो, कुठल्या गणितावर अडतो ते लिहा. आणि मूल निघालं त्या दिवशी गावाकडच्या गुरुजींना पुन्हा फोन करा : निघालंय, चार दिवसांत पोचेल, जागा ठेवा.

प्रश्न : बाई, मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या आठवीतल्या एका हुशार मुलीची हजेरी अचानक उतरली. मैत्रिणींकडून कळलं की घरचे स्थळ पाहताहेत. शाळा आठवीपर्यंतच आहे. नववीसाठी सहा किलोमीटर जावं लागतं. सहकारी म्हणतात, गावच्या भानगडीत पडू नका. प्रशिक्षणात आम्हाला 'समुपदेशन करा' एवढंच सांगितलं होतं. – एक शिक्षिका

उत्तर : पडा, पण एकट्या पडू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. तुमच्या जिल्ह्यात हेच प्रमाण जवळपास निम्म्यावर आहे. तेव्हा तुमची शंका बहुधा खरी आहे आणि वेळ थोडा आहे.

आधी मुलीशी बोला. शाळेच्या वेळेत, दुसऱ्या एखाद्या बाई जवळपास असताना, पण तिचं बोलणं तिसऱ्याच्या कानावर जाणार नाही असं. तिला विचारा, तुला काय हवंय. तुम्ही काय कराल ते खोटं न बोलता सांगा. 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण कदाचित सांगावं लागेल. तिनं सांगितलं असं मात्र तुमच्या तोंडून घरी कधीही कळता कामा नये.

मग आईशी बोला. भीती लग्नाच्या खर्चाची आहे, की सहा किलोमीटरच्या वाटेची, की आईबाप कामाला बाहेरगावी गेल्यावर मागे एकट्या राहणाऱ्या मुलीची, हे आईकडून समजेल. वाटेची असेल तर उपाय आहेत. गावातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल तर मुलींसाठी निळी बसही असते. आगाराला समितीच्या सहीचं पत्र द्या, वेळ शाळेच्या वेळेशी जुळवून मागा. मागे राहण्याची भीती असेल तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात (मुलींच्या सरकारी निवासी शाळेत) जागा आहे का ते आजच विचारा.

तारीख ठरल्याचं कळलं, तर मग समजावणीत दिवस घालवू नका. १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकाला फोन करा, ग्रामसेवकांना कळवा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणारे, ते होऊ देणारे आईवडील, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे; लग्न होऊ देणाऱ्या आईला मात्र कैद होत नाही. कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायला सांगा. मुख्याध्यापकांना अंधारात ठेवू नका. ते नको म्हणाले तर केंद्रप्रमुखांना लेखी द्या, म्हणजे उद्या प्रश्न आला तर तुम्ही एकट्या पडणार नाही.

लग्न थांबलं की काम संपलं असं होत नाही. गावात बोलणी होतात, मुलगी घरात कोंडली जाते. म्हणून दुसऱ्याच दिवशी तिला शाळेत पाहायला हवं. ती आली की तिच्याशी त्या प्रकाराबद्दल वर्गात एक अक्षरही नको, गृहपाठ विचारा. जूनमध्ये नववीच्या शाळेत तिच्याबरोबर तुम्ही स्वतः जा, वर्गशिक्षिकेशी ओळख करून द्या आणि पहिला महिनाभर तिच्या हजेरीची चौकशी करत राहा. आठवीनंतर मुलगी गळते ती या दोन शाळांच्या मधल्या उन्हाळी सुट्टीत, जेव्हा ती कुणाच्याच पटावर नसते.

आणि पुढच्या प्रशिक्षणात कुणी 'समुपदेशन करा' म्हणालं, तर उभ्या राहा आणि म्हणा : मी आई होते, तुम्ही शिक्षक व्हा, आत्ता इथे करून दाखवा.